चाळिसावं पान

"हे गेले, आता खातं कशाला? बंद कर," म्हणत खोपकरकाकूंनी नवऱ्याचं वाचनालयाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं.

भयकथांचं नवं पुस्तक आलं की काकांना सगळ्यांच्या आधी हवं असायचं. एकदा वाचलेलं पुन्हा घरी येऊ नये म्हणून ते चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक गोल करायचे. मी कितीदा चिडले, पण ऐकतील तर शपथ! त्यांच्या आजारपणात काकूच पुस्तकं न्यायला यायच्या, ते पान उघडून म्हणायच्या, "हे यांचं वाचून झालंय. दुसरं दे."

आज नव्या भयकॉमिक्सचा गठ्ठा आला होता. काकूंसमोरच मी एकाचं प्लॅस्टिक फाडलं. सवयीनं त्यांनी चाळिसावं पान उघडलं आणि त्या थबकल्या. कोपऱ्यात गोल होता. मी बोट फिरवलं, तर शिसं बोटाला लागलं.

दुसऱ्याचं प्लॅस्टिक फाडलं. त्यातही गोल. तिसऱ्यातही.

चौथ्याचा कोपरा मात्र कोरा होता. काकूंनी ते पिशवीत टाकलं आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं.

"हे लिहून घे. यांचं वाचायचं राहिलंय."