धोक्याची उतारी

"धोका किती?" ओवीनं विचारलं आणि आमोदच्या छातीत धस्स झालं.

मग त्याला कळलं, ती पत्त्याबद्दल बोलतेय. उतारी तिची होती.

हॉस्पिटलच्या खाटेवर हिरवा झगा घालून ती मांडी ठोकून बसली होती. वय वर्षं नऊ. दहा वाजता तिच्या हृदयातलं छिद्र बुजवायला आत नेणार होते. तिची आई सुनीती खाली फॉर्मवर सह्या करत होती, आणि बाप इथे प्राण्यांचे पत्ते खेळत होता. पत्ते तरी कसले, कॅलेंडरची पाठकोरी पानं कापून बापलेकीनं घरीच केलेले. प्रत्येकावर चार आकडे: वजन, लांबी, पिल्लं आणि नामशेष व्हायचा धोका. आकडे अर्धे फोनवरून, अर्धे मनाचे. ज्याचा आकडा मोठा, त्याचा डाव.

ओवीकडे पिका होता, डोंगरातला, सशाचा भाऊबंद, मुठीत मावेल एवढा. आमोदकडे पाकट मासा, खोलीभर पंखांचा.

"माझा धोका शंभरात दोन."

"माझा नव्वद," आमोद म्हणाला. जगातून संपत चाललेला मासा तो. ओवीनं पिका त्याच्या हातात दिला.

"आणि माझा स्वतःचा पाच, ना? काल डॉक्टरकाका तुला दाराशी सांगत होते."

तेव्हा ती झोपलीय असं त्याला वाटलं होतं. त्यानं हातातले पत्ते खाटेवर पालथे ठेवले.

"हो."

"म्हणजे पिकाहून जास्त, पाकटाहून कमी." तिनं हिशेब लावला. "मोठा आकडा जिंकतो. मी पिकाला हरवलं!"

"नाही गं! धोक्यात लहान आकडा जिंकतो." त्याचा आवाज नको इतका चढला. "आत्तापासून."

"डाव झाल्यावर नियम बदलतोस? रडीचा डाव, बाबा!"

तेवढ्यात वॉर्डबॉय संजय चाकाची खुर्ची घेऊन आला. "चला ताईसाहेब, निघायचं."

ओवी खुर्चीत बसली आणि दारापाशी तिनं हात वर करून संजयला थांबवलं.

"बरं, तुझा नियम. पण मग पिका जिंकला. दोन्ही पत्ते माझे. नीट सांभाळ, आल्यावर घेणार."

खुर्चीची चाकं कॉरिडॉरभर वाजत गेली. आमोद खाटेवर बसून राहिला. पाकटाच्या पत्त्यावर ओवीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: पिल्लं, एका वेळी एकच.