सातवी गादी

शेवटच्या वळणावर बायको दिसली, तेव्हा त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे नव्हे, तर तिच्या बसण्याकडे पाहिले. ती सायकलच्या सीटवर चुळबुळ करत नव्हती. मुदत संपायला अवकाश होता.

या लांब पल्ल्याच्या फेरीत क्रमांक नसतात. मुदतीत पोहोचायचे, एवढेच. तेवढेही तिला गेल्या तीन वर्षांत जमले नव्हते. दर वेळी निम्म्याहून अधिक अंतर कापल्यावर तिचे डोके ठणकू लागे, पोटऱ्यांत गोळे येत आणि ती रस्त्याच्या कडेला बसून त्याला फोन करी. तो गाडीतून तिला घरी आणी, सायकल पुसून ठेवी आणि बाटल्यांतले पाणी गॅलरीतल्या कुंड्यांना घाली. यंदा जमले नाही, तर सायकल विकायची, असे तिने जाहीर केले होते.

तो पदार्थविज्ञान शिकलेला. नशिबाला तो कारण मानत नसे. बहिणीबरोबर त्याचा छोटा कारखाना होता. तिथे सायकलस्वारांसाठी, खांद्यांवरून पट्टे जाणाऱ्या आणि आत गादी शिवलेल्या चड्ड्या तयार होत. कापडाची बेतणी आणि रंग बहिणीचे, गादी त्याची. दोष गादीत आहे, दाब भलतीकडे पडतो, असा त्याचा सिद्धान्त होता. त्याने फोम बदलला, जाडी बदलली, मधोमध खाच दिली. बाहेरून सगळ्या चड्ड्या सारख्याच देखण्या दिसत: काळा रंग, मांडीवर गडद तांबडी पट्टी.

“गादी कशी होती?” तो दर वेळी विचारी.

“छान होती,” ती म्हणे. हा पुरावा नव्हे, सौजन्य आहे, असे समजून तो पुढची गादी करायला घेई.

“दादा, गादीची एवढी काळजी राजेसुद्धा करत नसत,” बहीण म्हणाली होती. तेव्हा पाचवी गादी चालू होती.

बायकोने रेषा ओलांडली. सायकल त्याच्या हाती देऊन ती हसली, “आलेच,” म्हणाली आणि स्वच्छतागृहाकडे पळाली.

“सातव्या गादीनं करून दाखवलं!” तो शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला म्हणाला. “सोमवारपासून हीच शिवायची.”

बहिणीला अचानक स्वतःच्या बाहीवरचा एक धागा फार महत्त्वाचा वाटू लागला.

बायको परतलीसुद्धा. त्याच्या कपाळावर आठी पडली. पट्टे जर्सीच्या आतून जातात. जर्सी उतरवल्याशिवाय ते निघत नाहीत.

“इतक्या लवकर?”

ती पाठमोरी झाली आणि तिने जर्सीची कड उचलली. पट्टे पाठीवर एकत्र येऊन कमरेशी एका चापाला अडकवलेले होते, सॅकला असतो तसल्या. टाके बहिणीचे होते.

त्याने सायकलवरच्या बाटल्या उचलल्या. दोन्ही रिकाम्या होत्या. कुंड्यांना दर वर्षी इतके पाणी कुठून मिळते, हा प्रश्न त्याला कधीच पडला नव्हता.

“म्हणजे तू पाणीच पीत नव्हतीस?”

“प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं म्हणजे भर रस्त्यात आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा. केळं आहे का मी, सोलत बसायला?”

“अगं, मग मला सांगायचं ना!”

“तू गादीचंच विचारत होतास. गादी खरंच छान होती.”

त्याने रिकाम्या बाटल्या परत जागेवर लावल्या. मग त्याला हसू आले. तरीही निरीक्षण अपुरे सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“बरं, चाप मान्य. पण सातवी गादी इतकं अंतर टिकली, हे तर सिद्ध झालं?”

नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिले.

“नव्या चड्डीवर कात्री चालवली असती, तर तू आम्हां दोघींना सोडलं असतंस का?” बहीण म्हणाली. “ही पहिली गादी आहे, दादा.”