रेकॉर्डिंग चालू आहे

कुकरची शिट्टी झाली आणि हॉलमधून माझा नवरा निनाद ओरडला, "कट! अगं, कितीदा सांगितलं, पॉडकास्ट चालू असताना गॅस बंद ठेवत जा!"

"वहिनी, तुमचा कुकर माझ्या स्विस घड्याळापेक्षा वक्तशीर आहे हं," त्याच्या दोन मित्रांपैकी एक म्हणाला, आणि तिघंही खिदळले. दर रविवारी शर्टांच्या कॉलरी, घड्याळं, नवे फोन, नव्या सिरीज यांवर त्यांच्या गप्पा रंगतात. तोवर पंखे बंद, मिक्सर बंद, आणि चार वर्षांची मुक्ता न् मी स्वयंपाकघरात कुजबुजत.

मी गॅस बंद केला. निनाद पुन्हा मधाळ आवाजात सुरू झाला, "मित्रांनो, घड्याळाची टिकटिक ऐकायला घरात शांतता लागते. ती माझ्या घरी आहे."

तेवढ्यात ड्रॉवरमध्ये मुक्ताचं बोट चेमटलं. चेहरा लालबुंद झाला, डोळे भरले, आणि तिने दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. मिक्सरच्या भांड्यात चटणीचं खोबरं सकाळपासून तसंच पडलं होतं. मी बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं, तिला उचललं, बोटावर फुंकर घातली. "रड गं माझी बाय, मोठ्याने रड." माझ्या गळ्यात पडून तिने भोकाड पसरलं.

"काय चाललंय काय?" निनाद दारात येऊन ओरडला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुक्ताने मात्र हुंदका आवरला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आई, मिक्सर बंद केला की मी गप्प व्हायचं का?"