राई नावाचं बेट

“राईच्या पुढे दिवसांचा आकडा घालू नका,” ती म्हणाली. “तिथे हवं तितकं राहीन.”

नकाशेवाल्याची पेन्सिल सहाव्या बेटावरच थबकली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर औषधाच्या चार बाटल्या ठेवल्या होत्या, कारण नकाशा जुना होता आणि संधी मिळताच गुंडाळला जात होता. निळ्या समुद्रात सात बेटांची तिरकी माळ. ना धड उकाडा, ना धड थंडी, अशा हवेतली. तिथे वर्षभर संत्री लागतात, असं प्रवास कचेरीच्या रंगीत पुस्तिकेत छापलं होतं. त्याच पुस्तिकेत बेटं मात्र सहाच होती. म्हणून सकाळपासून ती पुस्तिका वर्तमानपत्राखाली दडवलेली होती.

सातवं बेट त्यानं स्वतः केलं होतं. नकाशे छापणाऱ्यांत एक जुनी रीत होती: प्रत्येक नकाशात एक खोटा ठिपका टाकायचा. दुसऱ्या कुणी नकाशा चोरून छापला, की ठिपकाही त्याच्याबरोबर जायचा आणि चोर आयता सापडायचा. या बेटांची पाळी आली तेव्हा नकाशेवाल्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायको उंचीनं बेताची आणि जिभेनं तिखट, म्हणून घरात तो तिला राई म्हणायचा. राईचा पर्वत करणारे पुष्कळ असतात. यानं राईचं बेट केलं. संध्याकाळी घरी येऊन त्यानं तिला ते दाखवलं. ती इतकी हरखली, की ते खोटं आहे हे सांगायचं राहून गेलं. राहून गेल्याला आता चौतीस वर्षं झाली होती.

त्यातली तीस वर्षं ती शाळेत भूगोल शिकवत होती. पण नवऱ्याच्या हातच्या नकाशावर कोण कशाला शंका घेईल, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

या बेटांवर जायचं ‘पुढच्या वर्षी नक्की’ ठरायचं. दर वर्षी ठरायचं. मागच्या मंगळवारी मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, की पुढचं वर्ष आता हिशेबात धरू नका. डाव्या कानानं त्याला कमी ऐकू येई. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. मग आत जाऊन तिला म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, हवापालट करा.”

“डॉक्टर चांगले आहेत,” ती म्हणाली, आणि घरी आल्या आल्या तयारीला लागली.

आजवर दोघांची बॅग एकच असायची. या वेळी तिनं दोन काढल्या. मोठी त्याची. तिच्यात शर्ट होते, कानाच्या यंत्राचे सेल होते आणि तिच्या टपोऱ्या शाळकरी अक्षरात लिहिलेली एक वही होती: दूधवाल्याचा नंबर, गॅसवाल्याचा नंबर, साखर कुठल्या डब्यात, मीठ कुठल्या डब्यात.

“बेटावर हे कशाला?” त्यानं विचारलं होतं.

“बोटीत वाचत बसा. नाहीतरी तुम्ही समुद्र बघणार नाही, झोपणार.”

“आणि तुझी बॅग एवढीशीच?”

“मला काय लागतं.”

आता बोटीचा फॉर्म तेवढा राहिला होता. तिनं तो दुपारीच शाईनं भरून ठेवला होता आणि त्याच्यापुढे सरकवला होता, तपासायला. फॉर्म कचेरीत गेला की तिथला पोरगेला कारकून हसणार आणि म्हणणार, आजी, सातवं बेटच नाही. ते तिला परक्या माणसाकडून कळावं, हे त्याला बघवलं नसतं. त्यानं घसा साफ केला.

“राई, ऐक. ते सातवं बेट आहे ना…”

“नाहीये,” ती म्हणाली.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

“अहो, मी भूगोल शिकवलाय, शिवणकाम नाही. वर्गात एकाही मुलाला मी राई दाखवलं नाही. पेपरात कुणी लिहिलं असतं, तर मार्क कापावे लागले असते. आणि तेवढं माझ्या हातून झालं नसतं.”

चौतीस वर्षांचं ओझं असं चहाच्या कपासारखं उचलून कुणी बाजूला ठेवेल, हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याला हसू आलं. मग लाज वाटली, आणि मग पुन्हा हसू आलं. त्यानं खोडरबर घेतलं आणि नकाशावर आखलेली सहाव्याकडून सातव्याकडे जाणारी रेघ पुसायला वाकला. तिनं रेघेवर हात ठेवला.

“असू दे ती.”

मग करायला काही उरलं नाही म्हणून त्यानं फॉर्म तपासायला घेतला. जाताना प्रवासी दोन. बरोबर. येताना प्रवासी एक.

“अगं, येतानाचं तिकीट एकच लिहिलंयस,” तो म्हणाला. बाईंची चूक सापडल्याचा त्याला क्षणभर आनंदही झाला.

“बरोबर लिहिलंय. दवाखान्यात डॉक्टर हळू बोलत होते. तुम्ही नाही. ‘दोनच महिने?’ म्हणून केवढ्यानं विचारलंत. अख्ख्या मजल्याला कळलं.”

तिनं त्याच्या हातातला कागद काढून घेतला, नीट घडी घातली आणि पेन्सिलीचं टोक सहाव्या बेटावर टेकवलं.

“इथून तुम्ही परत फिरायचं. पुढे राईला मी एकटीच जाईन.”