सुपारीएवढे लाडू

"आईसाहेब, तुम्ही इथे, मधल्या खुर्चीवर," रुपाली म्हणाली. ती आपल्याशीच बोलते आहे, हे इंदिराबाईंना आधी कळलंच नाही. घरी या सुनेसाठी त्या नुसत्या 'आई' होत्या.

जुन्या कोठीतलं हे जेवणघर. संस्थानच्या काळी इथे साहेबलोकांच्या पंगती झडायच्या. आता कोठीचं हॉटेल झालं होतं आणि रविवारी दुपारी तिथे 'शाही चहा' असे. त्याचं सगळं रुपालीकडे. वर झुंबर, भिंतीवर पगडीवाले सरदार, आणि कप असा नाजूक की त्याच्या कानात बोट शिरेना. काकडीची सँडविचेस बघून इंदिराबाई शेजारी बसलेल्या मुलाच्या कानाशी लागल्या. "मनीष, इंदूरमध्ये राहून कशावरच सेव नाही रे?" मनीष खुदकन हसला.

त्या खुशीत होत्या. का नसाव्यात? सुनेनं हौसेनं बोलावलं होतं, नऊवारी नेसायला लावली होती. वर गेल्या आठवड्यात म्हणाली होती, "आई, चहाबरोबर तुमच्या हातचे डिंकाचे लाडू ठेवायचेत. पण छोटे करा हं, सुपारीएवढे." एवढ्याशा लाडवाला चव ती काय येणार, असं पुटपुटत त्यांनी डिंक तळला, खारीक कुटली, आणि येता-जाता शेजारच्या यमुनावहिनींना ऐकवलं, "सूनबाईच्या हॉटेलात चाललेत माझे लाडू!"

लाडू आले ते चांदीच्या तीन मजली तबकातून, सगळ्यात वरच्या मजल्यावर बसून. रुपालीनं चमच्यानं कप वाजवला. पाहुणे गप्प झाले. दोघीतिघींनी मोबाइल उचलून धरले.

"ये लड्डू हमारे यहाँ बच्चा होने के बाद जच्चा को खिलाते हैं," रुपालीनं सुरुवात केली. "मेरी सासूमाँ ने पिछले साल एक दिन मुझे अपनी बात बताई. उनकी पहली बच्ची पैदा होते ही चली गई. लड्डू तो उनकी माँ ने पहले ही बाँध रखे थे. माँ ने कहा, खा ले, देह को कहाँ पता है कि बच्ची नहीं रही. और वो खाली पालने के सामने बैठकर रोज़ एक-एक लड्डू खाती रहीं."

इंदिराबाईंच्या हातातला कप बशीवर आपटला आणि चहा नऊवारीवर सांडला. पाळण्याचं त्या कधी बोललेल्याही नव्हत्या, ते हिनं पदरचं घातलं होतं. बाकीचं सगळं त्यांचं होतं.

जन्मात एकदाच सांगितलं होतं त्यांनी ते. मागल्या वर्षी. तिसरा महिना सरेपर्यंत बोलायचं नसतं म्हणून रुपालीची बातमी घराबाहेर कुणाला दिली नव्हती, आणि तिसरा महिना सरलाच नाही. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. इंदिराबाईंनी लाडू केले, तर तिनं डबा ढकलला. "बाळंतिणीचे लाडू मला कशाला?" तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी आपलं सांगितलं होतं. मग तिनं रडत रडत एक लाडू खाल्ला. म्हणाली, "आई, माझं हे कुणाला कळू देऊ नका. माझ्या आईलासुद्धा नाही." त्यांनी नाही कळू दिलं. यमुनावहिनींनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा टायफॉइड झालाय म्हणून वेळ मारून नेली.

"आई," मनीष हळूच म्हणाला, "मला बहीण होती?"

"घरी गेल्यावर," एवढंच त्यांना बोलता आलं. पोटच्या पोरापाशी जे कधी ओठांवर आलं नाही, ते इथे परक्यांना चहाबरोबर वाढून झालं होतं. त्यांना राग आला. रागाहून जास्त लाज वाटली, आपण एवढ्या हौसेनं हे लाडू वळत बसलो होतो याची.

टाळ्या पडल्या. रुपाली उजळलेल्या चेहऱ्यानं सासूच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. फोटोसाठीच असावा. समोरची एक मराठी बाई एका हातानं डोळे टिपत दुसऱ्या हातानं दुसरा लाडू उचलत होती.

"काकू, कित्ती टचिंग आहे हो!" ती म्हणाली. "एवढी मोठी गोष्ट तुम्ही सुनेला सांगितलीत. मुलीसारखीच आहे ना ती! पण नेमकं त्याच दिवशी का सांगावंसं वाटलं? झालं काय होतं त्या दिवशी?"

खांद्यावरचा हात एकदम जड झाला. इंदिराबाईंनी मान वळवून वर पाहिलं. रुपालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ नुसते हलत होते, आवाज नव्हता: आई, नको. मोबाइल आता सगळे इंदिराबाईंकडे वळले होते. त्यांनी तोंड उघडलं असतं तर हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला असता. क्षणभर त्यांच्या मनात आलंही.

त्यांनी खांद्यावरचा हात उचलला, पालथा होता तो उताणा केला, आपल्या बशीतला लाडू त्यात ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"आहे ना, त्या दिवसाची पण एक गोष्ट आहे," त्या समोरच्या बाईला म्हणाल्या. "पण ती माझी नाहीये, बेटा. मी कशी सांगू?"