पंचवीस तारखेच्या आत

उमाजीनं कॉलेजचं माहितीपुस्तक चुलीत घातलं. देवकी ते ओढून काढायला वाकली, तशी त्याची लाथ तिच्या कमरेत बसली.

"वीस तारखेला अक्षता, आणि ही बसलीया विषय निवडत!"

देवकी चुलीपाशीच पडून राहिली. पुस्तकाची पानं वाकडी होत काळी पडत होती. ती तिला पाठच होती. बी.ए.ला इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. बी.एस्सी.ला रसायन, वनस्पती, प्राणी, नाहीतर भौतिक आणि गणित. बी.कॉम. वेगळंच. पीयूसीला, म्हणजे बारावीला, ती रामनगरच्या मुलींत पहिली आली होती, आणि बेळगावचं ते कॉलेज पंचवीस जूनपर्यंत प्रवेश देणार होतं.

तीन दिवसांपूर्वी तिनं ही पानं आईला वाचून दाखवली होती. रुक्मा भाकरी थापत ऐकत होती.

"झाडांचं पण कालेज असतंय?"

"असतंय की. वनस्पतिशास्त्र."

"मग तुझ्या बाबालाच मास्तर कराय पायजे. निम्मं रान त्यानंच तोडलंय."

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. उमाजी लाकडाच्या डेपोत मुकादम होता. हसू ओसरल्यावर रुक्मानं विचारलं होतं, "शेवटची तारीख कंची म्हणालीस?"

त्या हसण्याच्या भरवशावर देवकीनं आता आईकडं पाहिलं. रुक्मा हळद कांडता कांडता उठून दारात आली होती. मुसळ हातातच होतं.

"आये, तू तरी सांग त्यांस्नी. मला न्हाई करायचं लगीन."

"न्हाई करायचं?" रुक्मा आत आली. "उद्या कासारीण यायची हाय चुडा भरायला. गावभर आवतण झालंय. आणि न्हाई करायचं?"

रुक्मानं आजवर पोरीवर हात उगारला नव्हता. मारायचं काम घरात उमाजीचं होतं. म्हणून देवकीला आधी कळलंच नाही. आईनं तिला केसांना धरून पालथं पाडलं, तिचा एक हात पिरगाळून गुडघ्याखाली दाबला आणि दुसऱ्यावर मुसळ घातलं. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज उमाजीलाही ऐकू आला.

"बास! जीव घेतीस काय पोरीचा?" त्यानंच बायकोला मागं ओढलं.

रुक्मा धापा टाकत होती. मुसळ तिनं भिंतीला टेकवून ठेवलं आणि सांडलेली हळद गोळा करायला गेली.

गावातल्या हाडवैद्याला बोलवू, असं उमाजी म्हणाला. रुक्मानं ऐकलं नाही. हाड वाकडं बसलं तर पोरगी जन्मभर गळ्यात पडेल, म्हणाली. दुसऱ्या दिवशी बेळगावच्या दवाखान्यात देवकीच्या हाताला कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे काढायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं.

संध्याकाळी कासारणीनं हिरव्या काकणांची पेटी उघडली, प्लास्टर पाहिलं आणि पेटी तशीच मिटली.

बातमी खानापूरच्या बाजूला पोचायला एक दिवस पुरला. नवऱ्या मुलाचा बाप भिकाजी स्वतः आला.

"एका हातात चुडा आणि दुसरा पांढराफटक? आमच्यात अशी नवरी बोहल्यावर उभी करत न्हाईत, उमाजीराव."

"तुळशीच्या लग्नापतोर थांबा. आता मधी मुहूर्त न्हाई."

"पोराची सुट्टी आत्ताची. आमच्या मेव्हण्याची पोरगी हाय, वीसलाच उरकून टाकतो." त्यानं चहाला हात लावला नाही.

तो गेला आणि उमाजीनं दार लावून घेतलं. भिंतीला टेकवलेलं मुसळ त्यानं उचललं.

"तुझ्या हातानं मोडलंस! चांगलं स्थळ तुझ्या हातानं मोडलंस!"

रुक्मा ओरडली नाही. नुसते फटके ऐकू येत होते. माजघरात अंथरुणावर पडलेल्या देवकीनं कूस बदलली नाही. बरं झालं, असं तिला वाटलं. अजून चार बसू देत.

पंचवीसला सकाळी रुक्मानं नवऱ्याला सांगितलं की प्लास्टर ढिलं पडलंय, डॉक्टरला दाखवून आणते. उमाजीनं मानही वर केली नाही. त्याच्या लेखी आता दोघी सारख्याच होत्या.

देवकी एसटीत खिडकीपाशी बसली. आठ-दहा दिवसांत ती आईशी एक शब्द बोलली नव्हती. रुक्माचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून मिटला होता. समोरच्या बायका बघून बघून नजर वळवत होत्या.

"लई ठणकतंय?" रुक्मानं विचारलं.

"तुला काय त्याचं?"

रुक्मानं फाटल्या ओठावर पदर ओढला. बेळगावात शिरल्यावर एका चौकात ती अचानक उठली आणि उतरली. देवकीला मागोमाग उतरावंच लागलं.

"दवाखाना पुढं हाय."

"ठाव हाय मला."

चार माणसांना विचारत रुक्मा एका मोठ्या फाटकातून आत गेली. कार्यालयाची खिडकी बंद व्हायला आली होती. तिनं कमरेला खोचलेली घडी सोडवून देवकीचं पीयूसीचं गुणपत्रक काउंटरवर ठेवलं. कारकून बाईंनी गुण बघितले, मग आईचा चेहरा बघितला, आणि काही न विचारता कोरा अर्ज पुढं सरकवला.

"कुठले विषय घेणार?"

देवकी आईकडं बघत राहिली.

"झाडांचं सांग की," रुक्मा म्हणाली.

"रसायन, वनस्पती, प्राणी," देवकी कशीबशी म्हणाली.

बाईंचं लक्ष आता तिच्या गळ्यातल्या झोळीकडं गेलं. "अर्ज मुलीनं स्वतःच्या अक्षरात भरायचा असतो हो. हिचा तर हात मोडलाय."

रुक्मानं टेबलावरचं पेन उचललं आणि लेकीपुढं धरलं.

"डावा मोडलाय, बाई. लिहायचा हात सोडूनच हाणलं म्या."