पंगतीतली कवळी

टीव्हीवरच्या पंगतीतल्या म्हाताऱ्याची कवळी जिलेबीत रुतून तोंडाबाहेर आली, आणि सुमंत खुर्चीतून उठलाच. "सापडलं!" तो रिकाम्या स्टुडिओत ओरडला.

मिरजेचे दातांचे डॉक्टर मगदूम यांना सांगलीच्या केबलवर जाहिरात हवी होती. सुमंतच्या चार कल्पना त्यांनी उडवून लावल्या होत्या. "हसू येत नाही हो," एवढंच म्हणायचे. पुण्याहून आणलेल्या परदेशी जाहिरातींच्या कॅसेटीही बघून झाल्या. त्यातली माणसं समुद्रकाठी दात दाखवत पळत होती. सांगलीत कुणी तसं हसत नाही. शेवटी वैतागून त्यानं स्वतःच शूट केलेल्या लग्नांच्या कॅसेटी काढल्या होत्या.

ती कॅसेट बघून डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, "कवळी पडते तेवढंच ठेवा. पुढची पंगत कापा. म्हाताऱ्याला मात्र विचारून या."

म्हातारा म्हणजे आटपाडीचे आप्पासो. त्यांच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून सुमंतनं जाहिरातीचं सांगून शेजारच्या बिराप्पाच्या घरी कॅसेट लावली.

कवळी पडली. बिराप्पाच्या घरातले सगळे खो खो हसले. आप्पासो हसले नाहीत.

"परत लावा," ते म्हणाले.

सुमंतनं लावली.

"परत."

सुमंतच्या कपाळावर आठी आली. एवढ्या लांब उन्हातान्हात यायचं आणि हेही हातचं जायचं. "आप्पा, आवडलं नसेल तर सरळ सांगा. उगीच माझा वेळ…"

आप्पासो उठले. टीव्हीजवळ जाऊन वाकले. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, पण स्वतःच्या तोंडावर नव्हे. शेजारच्या पानावर एक बाई बसली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती गदगदा हसत होती, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या ताटात कवळी चाचपत होती.

"ही," आप्पासो म्हणाले.

बिराप्पा सुमंतच्या कानाशी आला. "मनुबाई. त्यांची मालकीण. दिवाळीत साल झालं जाऊन."

"हिचा येकच फोटू हाय माझ्यापाशी," आप्पासो टीव्हीकडं बघतच बोलत होते. "मतदानाच्या कार्डावरला. त्यात ही भ्यालीया. आन् हितं बगा की, कशी हसतीया."

सुमंतनं न सांगता टेप मागं घेतली. या वेळी तोही तिच्याकडंच बघत राहिला. एवढी लग्नं शूट केली, ही कॅसेट दहादा पाहिली, आणि ही बाई त्याला दिसलीच नव्हती.

"टीव्हीवर रोज लागंल न्हवं?" आप्पासोंनी विचारलं.

"केबलवर. सांगलीत."

"सांगलीत तर सांगलीत. लागू द्या. चार लोकं बगतील तिला."

परवानगी मिळाली होती. गप्प बसून निघून जाता आलं असतं. सांगलीत काय लागतं ते आटपाडीत कुणाला दिसणार होतं?

"आप्पा," तो म्हणाला, "जाहिरात दहा सेकंदांची आहे. कवळी पडते तेवढंच राहील. पुढचं डॉक्टर कापायला सांगतायत."

"म्हंजी ही न्हाई?"

"नाही."

आप्पासो खाली बसले. पडद्यावर मनुबाई थांबलेल्या टेपमध्ये थरथरत होती. मग त्यांनी तोंडातली कवळी जिभेनं नीट बसवली आणि सुमंतला समजावल्यासारखं म्हणाले,

"मग आसं करा, पाव्हणं. कवळी पडल्याली कापा. ही ऱ्हाऊ द्या."